गाडीवरचा झाडाचा चीक : घासण्याआधी भिजवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर पडलेला चीक कसा काढावा, हा विषय किरकोळ समजला जातो आणि म्हणून त्यावर कोणी गंभीरपणे लिहीत नाही. गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत मात्र पक्के झाले आहे की, चिकाने रंग जितका बिघडतो त्याहून कितीतरी अधिक तो चीक काढण्याच्या घाईने बिघडतो. टपावर दोन-चार थेंब पडलेले असतात. मालक हाताला लागेल ते घेऊन घासायला बसतो, आणि अर्ध्या तासाने थेंबाच्या जागी तळहाताएवढा निस्तेज पट्टा उमटलेला असतो, जो पुढे कितीही वेळा गाडी धुतली तरी जात नाही.

एक गाडी मला विशेष आठवते. गडद निळा रंग होता आणि बॉनेटवर राळेचे सात-आठ थेंब वाळलेले होते. गाडी धुण्याच्या एका ठिकाणी कोणीतरी ते थेंब भांड्यांच्या घासणीने घासले होते. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी ती सावलीतून उन्हात घेतली आणि बॉनेटवर तिरका प्रकाश पडताच प्रत्येक थेंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागले. सर्वांत वाईट वाटले ते याचे की, त्या प्रत्येक जाळ्याच्या मधोमध राळेचा पातळ, मधासारखा पिवळसर ठिपका जसाच्या तसा होता. घासणीने राळ निघालीच नव्हती. निघाला होता तो तिच्या भोवतीचा चांगला रंग. तोच ठिपका मी अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाखाली मिनिटभर ठेवला आणि तो मुकाट्याने कापसात उतरला. मालकाचा चेहरा पाहून मला त्या वेळी काही बोलवले नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी रंगाची जाडी लक्षात घ्यावी लागते. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, अशी रचना असते. हे सर्व थर मिळून साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट बहुधा 35 ते 50 मायक्रॉनांचा असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चमक या एका थरावर अवलंबून असते, आणि खालच्या रंगाला उन्हातील अतिनील किरणांपासून वाचवण्याचे कामही मुख्यतः तोच करतो. तो एकदा घासून कमी झाला की पुन्हा भरून येत नाही. पॉलिशने चमक परत येते हे खरे, पण पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या कडा खाली आणण्यासाठी आजूबाजूचा थरही थोडा उतरवणे, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट, 'चीक' हा एकच शब्द आपण चार निरनिराळ्या पदार्थांना लावतो आणि उपाय चुकतो तो तिथेच. बाभळीसारख्या झाडांचा डिंक पाण्यात फुगतो आणि विरघळतो. त्याला कोमट पाण्याशिवाय दुसरे काही लागत नाही. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांची राळ पाण्याला अजिबात दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये किंवा तेलात सैल होते. वड, पिंपळ, उंबर, फणस यांचा पांढरा चीक या दोहोंपेक्षा वेगळा आहे. त्यात रबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, आणि पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून पातळ पापुद्रा तयार होतो. ओला असताना हा चीक ओल्या कापडाने सहज पुसला जातो. वाळल्यावर मात्र पाणी किंवा अल्कोहोल ओतून तो विरघळत नाही. गरम पाण्याने ऊब देऊन, वर थोडे तेल लावून तो मऊ करावा आणि बोटाच्या हलक्या दाबाने गुंडाळत काढावा लागतो.

चौथा पदार्थ झाडाचा नसतोच, तरी सर्वाधिक दोष झाडाला लागतो तो त्याच्यामुळे. संपूर्ण गाडीवर, काचांसह, अगदी बारीक चिकट तुषार पडलेले दिसले तर झाडाच्या पानांच्या मागची बाजू पाहावी. तिथे मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आढळण्याची शक्यता मोठी असते. हे कीटक झाडाचा अन्नरस शोषतात आणि त्यातली जादा साखर बाहेर टाकतात. शेतकरी तिला चिकटा म्हणतात. तो साखरेचाच असल्याने कोमट पाणी आणि गाडी धुण्याचा शाम्पू एवढ्याने निघतो. तसाच राहू दिला तर त्यावर काळी बुरशी धरते आणि मग लोकांना वाटते की झाडातून डांबर गळते आहे.

म्हणून पहिले काम ओळखण्याचे. सुकलेल्या ठिपक्यावर कोमट पाण्यात भिजवलेली कापसाची घडी पाच मिनिटे ठेवावी आणि उचलून बोट टेकवून पाहावे. ठिपका बुळबुळीत झाला असेल तर तो डिंक किंवा चिकटा आहे आणि निम्मे काम झालेच. तो काचेसारखा कडक आणि कोरडाच राहिला तर ती राळ समजावी. बोटाखाली रबरासारखा दबून परत वर येत असेल तर तो पांढऱ्या चिकाचा पापुद्रा आहे. एवढी पाच मिनिटे खर्च केली तर पुढची निम्मी अंदाजपंचे धडपड वाचते.

यानंतर गाडी, निदान तो भाग, नीट धुवावा. ही पायरी लोक हमखास गाळतात, कारण त्यांचे लक्ष त्या एका थेंबावर खिळलेले असते. पण थेंबाभोवती धूळ बसलेली असते, आणि धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात; कोरड्या कापडाने पुसायला गेलो की तेच कण कापडाखाली सापडून पॉलिश पेपरचे काम करतात. गाडी सावलीत असावी आणि पत्रा हाताच्या पाठीला थंड लागला पाहिजे. भर उन्हात उभी असलेली गडद रंगाची गाडी 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. अशा पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो, अल्कोहोल काम करण्याआधीच उडून जाते आणि तापलेला क्लिअर कोट नेहमीपेक्षा मऊ असल्याने ओरखडाही लवकर घेतो.

धुतल्यानंतर गरम पाण्यात बुडवून पिळलेले मायक्रोफायबरचे कापड ठिपक्यावर दोन-तीन मिनिटे अंथरावे. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावे. उकळते पाणी ओतण्याचा मोह काहींना होतो, पण थंड काचेवर ते गेले तर काच तडकू शकते, आणि रंगालाही त्यातून फायदा काही नाही. ताजी राळ असेल तर एवढ्या उबेने तिचा बराचसा भाग कापडाला चिकटून येतो. कापड नेहमी सरळ वर उचलावे, ओढू नये. गोल गोल घासण्याची सवय तर मोडलीच पाहिजे.

उरलेल्या राळेसाठी माझ्या मते आयसोप्रोपिल अल्कोहोल हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, आणि 70 टक्क्यांचे मिळाले तरी पुरते. आधी दाराच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या कापडावर दोन थेंब घेऊन लावून पाहावे. कापडावर गाडीचा रंग उतरला तर तिथेच थांबावे, कारण तो रंग एकतर पुरता पिकलेला, म्हणजे आतपर्यंत वाळून कडक झालेला नाही किंवा त्यावर क्लिअर कोट नाही. सर्व ठीक असेल तर कापसाचा छोटा बोळा अल्कोहोलने ओला करून ठिपक्यावर ठेवावा, बोटाने हलकेच दाबून धरावा आणि अर्धा ते एक मिनिट काहीही करू नये. काम अल्कोहोल करत असते, आपल्याला फक्त थांबायचे असते, आणि नेमके तेच जमत नाही असा माझा अनुभव आहे. मग बोळा उचलावा, कापडाची स्वच्छ घडी घ्यावी आणि ठिपक्याच्या कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने, वजन न देता पुसावे. मध्याकडून कडेकडे पुसले तर सैल झालेली राळ चांगल्या रंगावर पसरते आणि एका रुपयाएवढ्या डागाचा बशीएवढा होतो. कापडाची बाजू प्रत्येक वेळी बदलावी. चौपदरी घडी घातलेल्या कापडाला दोन्ही बाजू धरून आठ स्वच्छ पाठी मिळतात, त्या सगळ्या वापराव्यात. जुन्या, जाड थेंबासाठी हे चार-पाच वेळा करावे लागेल. प्रत्येक वेळी थोडा थर उतरतो. त्यात निराश होण्यासारखे काही नाही, कारण राळेतला उडून जाणारा भाग एकदा गेला की मागे उरलेला भाग दिवसेंदिवस कडक होत जातो आणि त्याला सैल व्हायलाही तितकाच वेळ लागतो.

उभ्या दारावर बोळा टिकत नाही, तिथे अल्कोहोल असलेले घट्ट हँड सॅनिटायझर उपयोगी पडते, कारण ते ओघळत नाही. मात्र तेही मिनिटभरानंतर पुसून घ्यावे आणि चिकटपणा राहू नये म्हणून पाण्याने धुवावे. अल्कोहोलऐवजी साधे खाद्यतेलही चालते. ते सावकाश काम करते, पंधरा-वीस मिनिटे लावून ठेवावे लागते आणि शेवटी शाम्पूने दोनदा धुवावे लागते, पण रंगाला त्यापासून कसलाही धोका नसतो. ज्यांना रसायने हाताळण्याची भीती वाटते त्यांनी तेलच वापरावे, असे मी निःसंकोच सांगतो.

आता ज्यांच्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले त्या उपायांविषयी. थिनर आणि नखांच्या रंगाचा रिमूव्हर यांनी राळ झटपट निघते यात शंका नाही, पण थिनर हे मुळात रंग पातळ करण्याचे द्रावण आहे आणि अनेक रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते. राळ संपली की ही द्रावणे रंगाकडे वळतात. हेडलाइटची काच ही आजकाल काच नसून पॉलिकार्बोनेट असते, आणि ॲसिटोन लागल्यास ती धुरकट होते किंवा तिच्यात केसासारख्या चिरा पडतात. पेट्रोलविषयी तर मला कळकळीने सांगायचे आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. शिवाय ती श्वासातून जाणे आरोग्याला घातक आहे. एका डागासाठी कोणीही हा धोका पत्करू नये. अल्कोहोलही ज्वालाग्राही आहे, म्हणून ते वापरतानासुद्धा गाडी उघड्या जागी असावी, इंजिन थंड असावे, जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढू नये, हातात मोजे असावेत आणि ओले कापड डिकीत कोंबून न ठेवता मोकळ्या हवेत पसरून वाळू द्यावे. दंतमंजनाची पेस्ट, खाण्याचा सोडा, तारेची किंवा हिरवी घासणी ही सगळी घासून काढणारी साधने आहेत. ती चीक विरघळवत नाहीत, फक्त पृष्ठभाग खरवडतात.

ब्लेडला जागा आहे ती केवळ काचेवर. पुढच्या काचेवर साबणाचे पाणी भरपूर शिंपडून, नवे ब्लेड जवळजवळ आडवे धरून, एकाच दिशेने ढकलले तर राळेचा पापुद्रा अखंड निघतो. आतल्या बाजूला फिल्म किंवा मागच्या काचेच्या तापणाऱ्या रेषा असतील तिथे मात्र ब्लेड फिरवू नये. वायपरच्या रबरावरचा चीकही विसरू नये. तो तसाच राहिला तर पहिल्या पावसात संपूर्ण काचेवर धुरकट कमान उमटते आणि समोरचे दिसेनासे होते, जे रंगाच्या डागाहून कितीतरी गंभीर आहे. अल्कोहोलच्या ओल्या कापडाने रबर एकदा पुसले की पुरते.

ज्या गाडीचा एखादा भाग नुकताच रंगवून घेतला आहे तिच्या मालकांनी विशेष जपावे. कारखान्यात क्लिअर कोट साधारण 140 अंशांना भाजला जातो, तर दुरुस्तीच्या कामात पत्रा 60 अंशांच्या आसपासच तापवता येतो, कारण गाडीत तोवर वायरिंग, रबर, प्लास्टिक असे सर्व काही बसलेले असते. त्यामुळे दुरुस्तीचा रंग पूर्ण पिकायला पुढे कित्येक आठवडे लागतात. त्या काळात कोणतेही द्रावण लावू नये. कोमट पाणी आणि शाम्पू यांवर भागवावे आणि डाग हटला नाही तर रंगवणाऱ्यालाच विचारावे. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच लावू नये, कारण घासलेली जागा चकाकू लागते आणि तो चकाकणारा डाग पुन्हा मॅट होत नाही.

चीक निघाल्यावर जागा धुवून, कोरडी करून, तिरक्या प्रकाशात पाहावी. बोटाला अजून खरखर लागत असेल तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओल्या पृष्ठभागावर हलक्या हाताने फिरवावा; तो जमिनीवर पडला तर कितीही नवा असला तरी टाकून द्यावा, कारण त्यात रुतलेले खडे दिसत नाहीत. थेंबाच्या आकाराची कडा नखाला जाणवत असेल, तर मात्र चिकाने क्लिअर कोटमध्ये खळगा पाडला आहे असे समजावे. दीर्घकाळ उन्हात राहिलेल्या थेंबांनी असे होते. हा खळगा पुसून जाणारा नाही. तो पॉलिशने कमी होईल की नाही, हे थराची जाडी मोजण्याचे यंत्र असलेल्या जाणकाराने ठरवावे. घरी मशीन आणून बफिंग करायला गेलेल्या माणसाने कडेचा रंग पत्र्यापर्यंत उडवलेला मी पाहिला आहे. खळगा नसेल तर फक्त मेण लावायचे राहते, कारण अल्कोहोलने त्या जागेचे जुने मेण काढून टाकलेले असते. मेणाचा थर असला की पुढचा थेंब रंगावर न बसता मेणावर बसतो आणि लवकर सुटतो. सिरॅमिक कोटिंगमुळे चीक बसतच नाही असा समज आहे, तो बरोबर नाही. तिथेही डाग लवकर काढावाच लागतो, फक्त काम थोडे सोपे होते.

चीक पडतो म्हणून झाडाची फांदी, कधी कधी संपूर्ण झाड तोडण्याची मागणी केली जाते, हे मला फार खटकते. झाडे जखमेवर राळ, डिंक किंवा चीक आणतात ते स्वतःचे रक्षण करण्यासाठी. फांदी तोडणे म्हणजे नवी जखम करणे, आणि नव्या जखमेतून आणखी चीक वाहतो. गाडी चार पावले पलीकडे उभी करता येते. तसे शक्य नसेल तर आच्छादन वापरावे, मात्र ते धुतलेल्या गाडीवरच घालावे, कारण धुळीच्या गाडीवरचे आच्छादन वाऱ्याने हलून रात्रभर रंग घासत राहते. आणि चिकटा पडत असेल तर झाडावरील किडीचा बंदोबस्त जाणकाराकडून करून घ्यावा. किडीचा उपद्रव थांबला की चिकटाही थांबतो.

संपादक महोदय, घरगुती उपायांच्या छोट्या चौकटी वृत्तपत्रांतून छापल्या जातात आणि लोक त्या कापून जपून ठेवतात. अशा चौकटीत गाडीवरचे डाग काढण्याचा उपाय छापताना तो कोणत्या पदार्थासाठी आहे, रंगासाठी आहे की काचेसाठी, आणि आधी कुठे लावून पाहावा, या तीन गोष्टी सोबत द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. जागा अपुरी असेल तर उपाय एक कमी छापला तरी चालेल. रोज पहाटे बादली आणि फडके घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या पुसणारी मंडळीही आपले वृत्तपत्र वाचतात, आणि कोरड्या फडक्याने थेंब घासू नका हे त्यांना आजवर बहुधा कोणी सांगितलेले नाही.

आपला विश्वासू,
रंगकाम व्यवसायातील एक वाचक